मेंदूतली सिस्ट आणि लकव्यासारखा झटका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रुग्णांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत. बहुतेक वेळा स्कॅनचा रिपोर्ट नुकताच हातात पडलेला असतो आणि त्यातला ‘सिस्ट’ हा एकच शब्द डोक्यात घुमत असतो. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. तुमच्या घरी आत्ता, या क्षणी कुणाचं तोंड वाकडं झालं असेल किंवा हात गळून पडला असेल, तर पुढे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघा.

१. बाबांचं तोंड अचानक वाकडं झालं, उजवा हात उचलत नाही. हा लकवाच आहे की दुसरं काही, हे घरी ओळखता येईल का?

नाही. लकवा (म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडणं किंवा फुटणं), आकडीनंतर आलेली कमजोरी, रक्तातली साखर एकदम उतरणं आणि मेंदूतली गाठ, ही सगळी बाहेरून अगदी सारखी दिसू शकतात. स्कॅनशिवाय डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून लकवाच आहे असं धरून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. हे तास लक्षणं दिसल्यापासून नव्हे, तर माणूस शेवटचा ठणठणीत पाहिला तेव्हापासून मोजतात. ती वेळ कागदावर लिहून घ्या.

तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिनही स्कॅन होईपर्यंत नको, कारण आत रक्तस्राव असू शकतो. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, कबुतराच्या रक्ताने मालिश करणं, यात गेलेला एकेक तास मी पाहिला आहे. तो परत मिळत नाही.

२. रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ लिहिलंय. म्हणजे ट्यूमर का? कॅन्सर का?

आपल्याकडे ‘मेंदूत गाठ झाली’ हे एकच वाक्य तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात: रक्ताची गुठळी, मांसाची गाठ आणि पाण्याची गाठ. निम्मा घोळ इथेच होतो. सिस्ट ही तिसरी. ती पातळ आवरणाची पिशवी असते. तिच्या आत मेंदूतल्या पाण्यासारखा द्रव, चिकट पदार्थ किंवा जंताची अळी असू शकते. बहुसंख्य सिस्ट कॅन्सरच्या नसतात.

पण एक अपवाद लक्षात ठेवा. काही ट्यूमरच्या पोटात पाणी साठतं आणि स्कॅनमध्ये ते सिस्टसारखे दिसतात. म्हणून रिपोर्टमधला एकटा ‘सिस्टिक’ हा शब्द पुरेसा नाही. भिंत जाड आहे का, शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर ती उजळते का आणि भोवती सूज आहे का, हे विचारा.

३. गाठ जन्मापासून आहे म्हणता. मग चाळीस वर्षं गप्प राहून एका क्षणात हात कसा लुळा पडला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. सिस्ट सावकाश वाढते, लकवा क्षणात येतो. या दोन्हींची सांगड घालणाऱ्या वाटा चार-पाच आहेत.

पहिली आणि नेहमीची वाट आकडीची. सिस्टमुळे शेजारचा मेंदू चिडतो आणि फिट येते. फिट झोपेत आली किंवा फक्त हाताला झटके देऊन थांबली, तर ती कुणी पाहतही नाही. दिसतो तो तिच्यानंतर लुळा पडलेला हात. थकलेला तो भाग काही वेळ काम बंद ठेवतो. रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरांनी १८४९ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. तो काही मिनिटांत, काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणूनच डॉक्टर खोदून खोदून विचारतात की अंथरुणात लघवी झाली होती का, जीभ चावली होती का. उत्तर देताना संकोच करू नका. निदान त्यावर फिरू शकतं.

दुसरी वाट रक्तस्रावाची. कवटीच्या आतल्या बाजूला, मेंदूवरच्या पातळ पडद्यात पाणी साठून झालेल्या अ‍ॅरॅक्नॉइड सिस्टच्या भिंतीवरून बारीक शिरा ताणलेल्या असतात. दारात डोकं आपटणं, मोटारसायकलवरून किरकोळ पडणं एवढ्यानेही त्यांतली एखादी फाटते, रक्त मेंदूच्या बाहेरच्या पडद्याखाली साचतं आणि दाब वाढतो. पडण्याची गोष्ट घरचे विसरलेले असतात, कारण ती तीन आठवड्यांपूर्वीची असते.

तिसरी म्हणजे पाण्याचा मार्ग तुंबणं. मेंदूत दिवसाला सुमारे ५०० मिली पाणी तयार होतं, पण एका वेळी आत जागा असते सुमारे १५० मिलीची. म्हणजे ते सतत वाहून शोषलं जावं लागतं. वाटेत सिस्टने बूच मारलं, की दाब काही तासांतही चढू शकतो. प्रश्न ८ मधली कोलॉइड सिस्ट याचंच उदाहरण.

चौथी वाट सुजेची. मेंदूतली जंताची अळी जिवंत असते तोवर शरीर तिला फारसं हटकत नाही. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि लक्षणं सुरू होतात.

पाचवी दुर्मिळ, पण फसवी. मेंदूच्या तळाशी जंताच्या गाठींचे झुबके असतील, तर तिथल्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या बंद पडतात. अशा वेळी लकव्याचा भास नसतो. खरोखरचाच लकवा होतो आणि त्याचं कारण मात्र सिस्ट असते.

४. सीटी स्कॅनमध्ये लगेच कळत नाही का? मग एमआरआय कशाला?

सीटी स्कॅन दोन गोष्टी पटकन सांगतो: रक्तस्राव आहे का आणि मोठी गाठ आहे का. गुठळीमुळे झालेल्या लकव्यात पहिल्या काही तासांचा सीटी मात्र जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. त्यामुळे ‘सीटी नॉर्मल आहे, मग ॲडमिट कशाला’ हा वाद घालू नका.

एमआरआयच्या डिफ्यूजन या भागात ताजा लकवा पांढरा चमकतो, तर साधी पाण्याची सिस्ट काळी राहते. इथेही दोन फसवी प्रकरणं आहेत. एपिडर्मॉइड सिस्ट (प्रश्न १० पाहा) आणि पू भरलेली गाठ, म्हणजे मेंदूतला ॲब्सेस, या दोन्हीही तशाच पांढऱ्या चमकतात. फरक आकारात असतो. लकवा एका रक्तवाहिनीच्या प्रदेशाची हद्द पाळतो, गाठ ती पाळत नाही. रंगद्रव्य देण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, बघतात. जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या.

५. तातडीत गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांनी सांगितलं की लकवा नव्हताच. ही चूक नाही का?

बहुतेक वेळा नाही. घड्याळ चालू असताना डॉक्टरला उपलब्ध माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. लकवा नसलेल्यांना हे इंजेक्शन दिलं गेल्यावर मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण खूप कमी असल्याचं दिसून आलं आहे. खरा लकवा असताना वाट बघत बसल्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे.

तरीही एक जबाबदारी घरच्यांची आहे. सिस्ट आधीपासून माहीत असेल, पूर्वी फिट आलेली असेल, अलीकडे डोक्याला मार लागला असेल, तर कुणी विचारण्याची वाट न पाहता कॅज्युअल्टीत पोहोचल्या पोहोचल्या सांगा.

६. आईला लकवा झाला आणि एमआरआयमध्ये अ‍ॅरॅक्नॉइड सिस्टही निघाली. सिस्ट काढली की लकवा बरा होईल ना?

बहुधा दोन्हींचा एकमेकींशी संबंध नसतो, आणि हे या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे असं मला वाटतं. अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट शंभर माणसांचा एमआरआय केला तर एक-दोघांत सापडते. बहुतेकांना ती आयुष्यभर त्रास देत नाही. स्कॅनमध्ये ती ठळक दिसते म्हणून सगळ्यांची नजर तिच्यावर खिळते, आणि खरा गुन्हेगार, म्हणजे वाढलेला रक्तदाब, मधुमेह, मानेतली आकसलेली रक्तवाहिनी किंवा हृदयाचे अनियमित ठोके, तपासायचा राहून जातो.

सिस्टला दोष देण्याआधी जागा आणि वेळ दोन्ही जुळली पाहिजेत. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. सिस्ट डावीकडे आणि कमजोरीही डावीकडेच असेल, तर ती सिस्ट सहसा साक्षीदार असते, आरोपी नसते. बाजू जुळली तरी भोवती सूज, रक्त, दाब किंवा आकडीचा पुरावा हवा. डिफ्यूजनमध्ये ताज्या लकव्याचा डाग वेगळाच दिसत असेल, तर उपचार त्या लकव्याचेच करायचे. सिस्ट काढून मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत.

आणखी एक घोळ असा की कधी कधी पूर्वीच्या लकव्याची जागा पोकळ होऊन पाण्याने भरते. तिला पोरेन्सेफॅलिक सिस्ट म्हणतात. ती लकव्याचं कारण नव्हे, खूण असते.

७. मग ऑपरेशन कुणाला लागतं, आणि ते करतात कसं?

नुसती दिसली म्हणून सिस्ट काढत नाहीत. ती मेंदू दाबते आहे, पाण्याचा मार्ग अडवते आहे, तिच्यात किंवा तिच्याशेजारी रक्त साचलं आहे, औषधांनी न थांबणाऱ्या फिट तिच्यामुळेच येत आहेत, ती वाढत चालली आहे किंवा निदानाचीच शंका आहे, यांपैकी काही असेल तर विचार होतो. बाकीच्यांसाठी काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय एवढंच पुरतं. कानशिलाजवळच्या अ‍ॅरॅक्नॉइड सिस्टचे आकार आणि दाबानुसार तीन प्रकार गॅलासी यांनी १९८२ मध्ये पाडले. रिपोर्टात ‘गॅलासी १’ लिहिलं असेल, तर ती सर्वांत लहान प्रकारची सिस्ट आहे.

अ‍ॅरॅक्नॉइड सिस्टच्या ऑपरेशनचा हेतू पिशवी उपटून काढणं हा नसतो. तिला खिडकी पाडून आतलं पाणी मेंदूभोवतीच्या पाण्याच्या वाटेला जोडून देतात. हे दुर्बिणीने, म्हणजे एंडोस्कोपने, कवटीला छोटं भोक पाडून होतं किंवा कवटीचा छोटा तुकडा उघडून मायक्रोस्कोपखाली होतं. लोक ‘दुर्बिणीने करा’ असा आग्रह धरतात. पण कानशिलाजवळ सिस्टच्या तळाशी डोळ्याची नस आणि मुख्य धमनी अगदी लगटून असतात. तिथे दोन्ही हातांनी सावकाश काम करता येणं छोट्या टाक्यापेक्षा मोलाचं ठरू शकतं. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, तिलाच मी झुकतं माप देईन.

तिसरा मार्ग शंटचा. एक बारीक नळी कातडीखालून सिस्टपासून पोटापर्यंत नेतात. ऑपरेशन सोपं, पण नळी आयुष्यभराची सोबतीण होते. तिच्याविषयी प्रश्न १३ पाहा.

धोके विचारायला लाजू नका. जंतुसंसर्ग, पाणी झिरपणं, पडद्याखाली पाणी किंवा रक्त साचणं, फिट, खिडकी बुजून सिस्ट पुन्हा भरणं, आणि क्वचित प्रसंगी आधी नसलेली कमजोरी येणं, हे सगळं घडू शकतं.

८. भावाला कोलॉइड सिस्ट आहे, जेमतेम वाटाण्याएवढी. डॉक्टर इतके घाबरवतात का?

कारण तिची जागा वाईट आहे. ही सिस्ट मेंदूच्या मधोमध, तिसऱ्या पोकळीच्या छताला, मोन्रोच्या छिद्रांपाशी लोंबते. दोन्ही बाजूंचं पाणी तिथूनच खाली उतरतं. छिद्रं बंद झाली की भयानक डोकेदुखी, उलट्या, एकाएकी पायातलं बळ जाऊन कोसळणं किंवा शुद्ध हरपणं असं होतं, आणि वेळेत दाब उतरवला नाही तर मृत्यूही. बेशुद्ध माणूस पाहून घरचे ‘मेंदूचा अटॅक’ म्हणतात ते चूक नाही, फक्त कारण वेगळं असतं. अशा रुग्णाच्या पाठीतून पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून आधी स्कॅन.

फार लहान, त्रास न देणारी आणि पोकळ्या न फुगवणारी सिस्ट नुसती पाळतीवर ठेवता येते. त्रास देणारी मात्र काढतात, दुर्बिणीने किंवा मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधून शिरून. वॉल्टर डँडी यांनी १९२१ मध्ये ती पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. आज विचारायचा खास प्रश्न स्मरणशक्तीचा आहे. सिस्टला खेटूनच फॉर्निक्स हा आठवणींचा धागा जातो. त्याला धक्का लागला तर नव्या गोष्टी लक्षात राहणं काही काळ किंवा कायमचं बिघडू शकतं.

९. आम्ही शुद्ध शाकाहारी. मग मेंदूत डुकराच्या मांसातला जंत आला कुठून? आता कोबी बंद करायचा का?

यात गैरसमज मोठा आहे. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो, मेंदूत गाठ होत नाही. मेंदूतली गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि अंडी येतात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, सांडपाण्यावरची भाजी, दूषित पाणी ही त्यांची वाट. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये डुकराचं मांस वर्ज्य असलेल्या कर्मठ ज्यू कुटुंबांत हा आजार आढळल्याचं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा कोबीला दोष नको. तो नीट धुवा, शिजवा, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्यासकट सगळ्यांनी हात साबणाने धुवा.

आपल्या देशात बहुतेकांना एकच छोटी गाठ आणि तिच्यामुळे फिट, असं चित्र दिसतं. एके काळी ही गाठ सरसकट टीबीची समजली जायची. १९८० च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जंताच्या निघाल्या. अनेक रुग्णांची अनावश्यक टीबीची औषधं आणि ऑपरेशनं त्यामुळे टळली.

उपचार बहुधा गोळ्यांचा: फिटचं औषध, सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि अल्बेंडाझोल. अल्बेंडाझोल स्वतःच्या मनाने दुकानातून आणून घेऊ नका. अळ्या एकदम मेल्या तर सूज भडकते. डोळ्यात गाठ असेल तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून आधी डोळे तपासतात. मेंदूत खूप गाठी आणि खूप सूज असेल, तर हे औषध देतच नाहीत. ऑपरेशन लागतं ते पाण्याच्या पोकळीत अडकलेल्या गाठीला, जी दुर्बिणीने ओढून काढता येते.

१०. सुई घालून पाणी काढून टाकलं तर नाही का चालणार? एवढं मोठं ऑपरेशन कशाला?

नुसतं पाणी काढलं की सिस्ट सहसा पुन्हा भरते. आणि एका प्रकारात सुई जिवावर बेतू शकते: हायडॅटिड सिस्ट. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या या कृमीची गाठ बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात होते. मेंदूत ती एक-दोन टक्के रुग्णांतच, आणि जास्त करून मुलांत. आतलं पाणी सांडलं तर तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळू शकतो, आणि सांडलेल्या बीजांतून नव्या गाठी उगवतात.

तिचं ऑपरेशन पाहण्यासारखं असतं. डाउलिंग यांच्या पद्धतीत सिस्ट आणि मेंदू यांच्या मधल्या फटीत मऊ रबरी नळीने सलाइन सोडत जातात, रुग्णाचं डोकं खाली कलतं करतात, आणि पाण्याच्या रेट्याने तो पांढरा फुगा अखंड बाहेर घरंगळतो. कुणी चिमटा लावत नाही, कुणी घाई करत नाही. एपिडर्मॉइड मात्र मोत्यासारखा पांढरा, मेणचट ऐवज असतो. तो नसांना गुंडाळून बसतो, तुकड्या-तुकड्याने काढावा लागतो, आणि नसेला चिकटलेला पापुद्रा कधी मुद्दाम तिथेच ठेवतात.

उलट उदाहरण ॲब्सेसचं. तिथे सुईने पू काढणं हाच पुष्कळदा योग्य उपचार असतो आणि नंतर काही आठवडे शिरेतून ॲंटिबायोटिक द्यावं लागतं. ताप, वाहणारा कान, जन्मजात हृदयविकार असेल तर सांगाच.

११. वडिलांच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. ऑपरेशनसाठी त्या आम्हीच बंद केल्या तर?

करू नका. स्टेंट नवा असेल तर गोळी थांबवल्याने तो बंद पडू शकतो, आणि चालू ठेवली तर मेंदूत रक्त थांबत नाही. हा तोल हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून साधायचा असतो. गोळीचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते लिहून न्या. घाईचं ऑपरेशन नसेल तर काही आठवडे थांबणंही शहाणपणाचं ठरतं.

१२. हाताची ताकद परत येईल का? आणि गाडी कधी चालवता येईल?

कमजोरी कशाने आली त्यावर आहे. आकडीनंतरची असेल तर ती ऑपरेशनच्या आधीच गेलेली असते. दाबाने आली असेल तर दाब उतरल्यावर दिवसांत, आठवड्यांत सुधारते. खरा लकवा होऊन गेला असेल, तर वाट लांब आणि फिजिओथेरपीवर अवलंबून. प्रश्न ६ पाहा.

फिटच्या गोळ्या ‘आता गाठ गेली’ म्हणून बंद करू नका. गाडीबाबत स्पष्ट बोलतो: ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जात आकडी किंवा अचानक शुद्ध हरपण्याविषयी विचारलेलं असतं, आणि ते लपवणं म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव पणाला लावणं आहे. पोहणं आणि विहिरीवर एकट्याने जाणंही डॉक्टर सांगेपर्यंत नको. मुलाला अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट आहे आणि त्रास काहीच नाही, तर शाळा, पळणं, क्रिकेट चालू ठेवा. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग यांचा निर्णय सिस्टचा आकार बघून सर्जनबरोबर घ्या. आणि डोक्याला मार लागून डोकेदुखी वाढत गेली, तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नका.

१३. सहा वर्षांपूर्वी शंट टाकलाय. आता काकूंना पुन्हा उलट्या आणि एका बाजूला कमजोरी. पुन्हा गाठ की लकवा?

दोन्ही शक्य आहे, आणि तिसरं म्हणजे शंट तुंबणंही. डोकेदुखी, उलट्या, सुस्ती हे तुंबल्याचे, तर ताप आणि नळीवरची लाली हे संसर्गाचे इशारे. पण एका बाजूची नवी कमजोरी आली की नियम प्रश्न १ मधलाच: शंट आहे म्हणून लकव्याची घाई माफ होत नाही. बाहेरून दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल, तर एमआरआयच्या चुंबकाने त्याचं सेटिंग हलू शकतं. एमआरआयनंतर ते तपासून घ्या. व्हॉल्व्हचं कार्ड पाकिटात ठेवा, कपाटात नको.

१४. ऑपरेशन सांगितलंय. खर्च झेपणार नाही, आणि दुसरं मतही हवंय. फिल्मचा फोटो पाठवला तर सांगाल का?

मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून मत देणं मला पटत नाही. सिस्टची पातळ भिंत आणि पाण्याची वाट त्यात दिसतच नाही. रुग्णालयातून स्कॅनची सीडी मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि ती घेऊन रुग्णासह दुसऱ्या न्यूरोसर्जनकडे जा. पहिल्या डॉक्टरांना राग येईल ही भीती बाळगू नका.

खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलाशी रेशन कार्ड, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन जा, आणि तुमच्या ऑपरेशनचं नाव यादीत आहे का ते भरती होण्याआधी विचारा. भरती झाल्यावर, पैसे भरून झाल्यावर ही चौकशी करणारी कुटुंबं फार भेटतात. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा असतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसील कार्यालयातून मिळायला वेळ जातो, म्हणून तारीख ठरायच्या आधीच अर्ज टाकून ठेवा.